जैतुनाची बाग : हेक्टरी १७ झाडे की १६६६?

मोहम्मद अली रोडवर असो, भिवंडीत असो की मालेगावात, जैतुनाच्या तेलाची बाटली आता कोणत्याही बऱ्या किराणा दुकानात दिसते. आमच्या लहानपणी स्पेनहून येणारा फिगारोचा डबा तेवढा माहीत होता आणि तोही तान्ह्या बाळाच्या मालिशसाठी. आज हे तेल स्वयंपाकघरात शिरले आहे आणि आपले अनेक व्यापारी बांधव त्याचा घाऊक व्यापारही करतात. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत मात्र या बाटलीच्या भावाने दुकानदार व गिऱ्हाईक दोघांचीही झोप उडवली.

कारण उघड होते. जगातील जैतुनाच्या तेलापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल एकट्या स्पेनमध्ये निघते. २०२१-२२ च्या हंगामात तेथे सुमारे १५ लाख टन तेल निघाले आणि पुढच्याच हंगामात दुष्काळामुळे ते पावणेसात लाख टनांच्याही खाली आले. स्पेनच्या घाण्यावर किलोला तीन-साडेतीन युरोने मिळणारे तेल जानेवारी २०२४ मध्ये नऊ युरोच्या घरात गेले. २०२४-२५ च्या हंगामात पाऊस झाला, उत्पादन पुन्हा १४ लाख टनांवर आले आणि भाव चार युरोच्या आसपास उतरला.

कापडाच्या व्यापाऱ्याने फळबागेवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण सुताचा भाव कपाशीच्या शेतात ठरतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला तेलाचा भाव जैतुनाच्या बागेत ठरतो हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि या बागांमध्ये गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे घडले ते आपल्या मागवाल्यांना फारच ओळखीचे वाटेल. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, यंत्रमागाच्या जागी धोट्याविना चालणारा रेपियर आणि एअरजेट आला, तसाच हा प्रकार आहे. झाड तेच, फळ तेच, तेलही तेच. पण दोन झाडांतले अंतर आणि झाडाला दिलेले वळण बदलले, आणि त्याबरोबर बाग कोणाच्या हाती राहणार हेही बदलू लागले.

सफाक्सचे सतरा झाडांचे गणित

सुरुवात ट्युनिशियापासून करू. तेथील सफाक्स शहराभोवती मैलोगणती जैतुनाच्या बागा आहेत. वर्षाचा पाऊस अवघा २०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे सोलापूर-अहमदनगरच्या दुष्काळी पट्ट्यातही याच्या दुप्पट-अडीचपट पाऊस पडतो. विहीर नाही, पाट नाही, तरीही बाग उभी आहे, कारण तेथे झाडे २४ मीटर बाय २४ मीटर अंतरावर लावतात. एका हेक्टरात फक्त १७ झाडे, म्हणजे एकरी सात. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, केवढी जमीन वाया घालवली! पण जमिनीखाली प्रत्येक झाडाची मुळे चारी बाजूंना दूरवर पसरलेली असतात आणि दोन झाडांमधली ती मोकळी रेताड जमीन म्हणजे झाडाची पाण्याची टाकी असते. तेथील शेतकरी ही जमीन वरचेवर उकरून तणविरहित ठेवतो. तणाने प्यालेले पाणी झाडाला मिळत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

या बागा उभ्या कशा राहिल्या, हेही आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. १८९२ साली फ्रेंच अमलात सफाक्सभोवतालची पडीक जमीन लागवडीसाठी स्वस्तात देण्यात आली. जमीन घेणाऱ्याकडे पैसा होता, पण हुनर नव्हते. हुनर ज्याच्याकडे होते त्याच्याकडे जमीन नव्हती. दोघांची गाठ 'मुगारसा' नावाच्या जुन्या भागीदारीने पडली. गरस म्हणजे रोप लावणे. मालकाने जमीन द्यायची, लावणाऱ्याने झाडे लावून ती फळावर येईपर्यंत सांभाळायची, आणि बाग फळावर आली की ती दोघांत वाटून घ्यायची. लावणाऱ्याला मजुरी नव्हे तर झाडांसह जमिनीचा हिस्सा मिळे. झाड फळावर यायला तेव्हा दहा-दहा वर्षे लागत. तेवढा काळ हा माणूस झाडांच्या मधल्या पट्ट्यात धान्य पिकवून पोट भरत असे. म्हणजे ते २४ मीटरचे अंतर पाण्यासाठी होते, तसेच लावणाऱ्याच्या भाकरीसाठीही उपयोगी पडत होते.

पाणी आधी, झाडे नंतर

या सगळ्या विषयाची किल्ली माझ्या मते येथेच आहे. आपल्या धंद्यातले उदाहरण देतो. एका मीटर कापडात किती वजनाचे सूत घालायचे हे एकदा ठरले की मग ते जाड काउंटचे थोडे धागे घालून विणा किंवा बारीक काउंटचे जास्त धागे घालून विणा. वजन तेवढेच भरते. बागेत सुताच्या जागी पाणी आहे. एका हेक्टराला वर्षभरात जेवढे पाणी मिळते तेवढाच पर्णसंभार ती जमीन पोसू शकते. हा पर्णसंभार १७ मोठ्या झाडांवर वाटा, १०० मध्यम झाडांवर वाटा नाहीतर १६६६ झुडपांवर वाटा. पाणी वाढवल्याशिवाय नुसती झाडे वाढवून उत्पन्न वाढत नाही. उलट झाडे एकमेकांच्या तोंडचे पाणी काढतात. घन लागवडीची जाहिरात करणारे झाडांची संख्या मोठ्या अक्षरांत सांगतात आणि पाण्याचा आकडा बारीक अक्षरांत. आपण उलट्या क्रमाने वाचावे.

दुसरी गोष्ट झाडाच्या स्वभावाची. जैतुनाला फळ येते ते गेल्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या फांदीवर. ज्या वर्षी झाड फळांनी लगडते त्या वर्षी त्याची ताकद फळात जाते, नवी फांदी वाढत नाही, म्हणून पुढच्या वर्षी मोहोर कमी येतो. आपल्या हापूसची वर्षाआडची खोड सर्वांना ठाऊक आहे, तीच ही. आणि फांदीला ऊन मिळाले नाही तर मोहोराचे डोळेच तयार होत नाहीत; सावलीत जे फळ धरते तेही बारीक राहते आणि त्यात तेल कमी भरते. वळण आणि छाटणीची सारी विद्या या दोन गोष्टींभोवती फिरते : दरवर्षी थोडी नवी फांदी निघाली पाहिजे आणि तिच्यापर्यंत ऊन पोहोचले पाहिजे.

हाएनचे तीन बुंधे

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया प्रांत आहे, म्हणजे जुन्या इतिहासातील अंदलूस. तेथील हाएन जिल्ह्यात सहा कोटींहून अधिक जैतुनाची झाडे आहेत. टेकडी चढा, जिकडे पाहावे तिकडे ओळीत लावलेले हिरवट-राखाडी ठिपके. या मातीतले अरबी बोल अजून गेलेले नाहीत. स्पॅनिश भाषेत जैतुनाच्या फळाला 'आसेइतुना' आणि तेलाला 'आसेइते' म्हणतात, ते अरबी अज़्ज़ैतून आणि अज़्ज़ैत यांपासूनच आले. तेलाच्या घाण्याला 'आल्मासारा' म्हणतात, तो आपला मअसरा. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्नुल अव्वामने शेतीवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यातही जैतुनाची लागवड आहे.

हाएनची जुनी बाग १० ते १२ मीटर अंतराची, हेक्टरी ७० ते १०० झाडांची. खड्ड्यात एकाऐवजी दोन-तीन जाड छाट कलमे रोवायची, म्हणून प्रत्येक झाडाला दोन किंवा तीन बुंधे. बहुतेक बागा 'पिकुआल' जातीच्या. पूर्वी हिवाळ्यात खाली जाळी अंथरून लांब काठ्यांनी झोडून फळे पाडत. आता हातात धरायची कंपन यंत्रे आणि ट्रॅक्टरला लावलेला, बुंध्याला धरून हलवणारा चिमटा आला आहे. पण तीन बुंधे असल्याने चिमटा एका झाडाला तीनदा लावावा लागतो आणि डोंगर उताराच्या जमिनीवर ट्रॅक्टर चढतच नाही. अशा बागेत सर्वांत मोठा खर्च तोडणीचा. पाऊस बरा झाला तर हेक्टरी दोन-चार टन फळे मिळतात, फळाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके तेल निघते आणि त्यातून मजुरी वजा जाता हाती काय उरते हे भावावर अवलंबून. तीन युरोच्या भावात उताराची बाग राखणे अवघड आणि नऊ युरोच्या भावात झाडाला फळच नाही, असा दोन्हीकडून मार त्या शेतकऱ्याने गेल्या काही वर्षांत खाल्ला.

यावर पहिला उपाय निघाला तो मध्यम घन लागवडीचा. ७ बाय ५ किंवा ६ बाय ६ मीटर, हेक्टरी २७५ ते ३०० झाडे, क्वचित ४०० पर्यंत. झाडाला एकच बुंधा. जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरपर्यंत एकही फांदी ठेवायची नाही, म्हणजे चिमट्याला पकड मिळते. त्याच्यावर तीन किंवा चार मुख्य फांद्या, पेल्याच्या आकारात, पण जास्त पसरलेल्या नव्हेत तर वर चढत्या. कारण बुंध्याला दिलेला हिसका ताठ, उभ्या फांदीतून टोकापर्यंत पोहोचतो आणि लोंबत्या फांदीत विरून जातो. चिमट्याखाली उलटी छत्री उघडते, फळे तीत पडतात. पाणी बेताचे असेल आणि जमीन सपाट असेल तर आजही हीच पद्धत सर्वांत सुरक्षित, असे मला सगळा हिशेब पाहून वाटते. जातही शेतकऱ्याला हवी ती निवडता येते. पिकुआल लावा, इटलीची कोरातिना लावा, चिमट्याला फरक पडत नाही.

येथे एक सूचना मुद्दाम देतो, कारण ती आपल्याकडच्या कोणत्याही बागाइतदाराला लागू आहे. रोप लहान असताना त्याला देखणा आकार देण्याच्या नादात कात्री फार चालवू नये. पाने म्हणजे झाडाचे भांडवल. पहिल्या तीन-चार वर्षांत जितकी जास्त छाटणी तितके फळ उशिरा. आणि मोठ्या झाडावर एकदम भारी छाटणी केली तर पानसोटांचे रान माजते, फळ मात्र येत नाही.

यंत्राच्या मापाचे झाड

खरी उलथापालथ झाली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्पेनच्याच कातालोनिया भागात. तेथील आग्रोमिलोरा या रोपवाटिकेने आणि काही बागाइतदारांनी प्रश्नच उलटा केला. झाडाला साजेसे यंत्र शोधण्याऐवजी यंत्राच्या मापाचे झाड का वाढवू नये? युरोपात द्राक्षाच्या तोडणीसाठी ओळीवर स्वार होऊन चालणारे यंत्र आधीच होते. त्याच्या पोटातून ओळ जाते, दोन्ही बाजूंच्या लवचीक दांड्या वेलीला थरथरवतात आणि फळे खालच्या पट्ट्यावर पडतात. नाशिक-सांगलीच्या मंडळींना द्राक्षाची ओळ डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. जैतुनाची तशीच ओळ करायची, म्हणजे कुंपणाच्या हिरव्या भिंतीसारखी बाग.

ओळींत पावणेचार-चार मीटर आणि झाडांत दीड मीटर किंवा त्याहून कमी. ४ बाय १.५ धरले तर हेक्टरी १६६६ झाडे. काही ठिकाणी २००० च्याही पुढे गेले. जातीही मोजक्याच चालतात, ज्यांची वाढ आवरती आणि फळ लवकर : स्पेनच्या आरबेकिना व आरबोसाना, ग्रीसची कोरोनेइकी आणि अलीकडे कोर्दोबात आरबेकिना व पिकुआल यांच्या संकरातून काढलेली सिकितिता.

वळण असे देतात. रोपवाटिकेत वाढवलेले हात-दीड हात उंचीचे रोप बांबूच्या किंवा तारेच्या आधाराने लावायचे. त्याचा मधला शेंडा सरळ वर जाऊ द्यायचा, त्याला प्रतिस्पर्धी शेंडा वाढू द्यायचा नाही. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतचे फुटवे काढून टाकायचे, कारण तेवढ्या उंचीवर यंत्राच्या फळे झेलणाऱ्या पट्ट्या बुंध्याभोवती मिटतात. झाड अडीच मीटरच्या पुढे गेले की फिरत्या करवतीने वरून सपाट छाटायचे. बाजूंची छाटणीही यंत्राने, पण दोन्ही बाजू एकाच वर्षी नाही. एका वर्षी एक बाजू, पुढे दुसरी. नाहीतर फळ धरणारी सगळीच कोवळी फांदी एकदम कापली जाते. आत वाढलेल्या मनगटाएवढ्या ताठ फांद्या मात्र माणसाने हाताने काढायच्या, कारण त्या वाकत नाहीत, यंत्राच्या दांड्या मोडतात किंवा स्वतः फाटतात.

ओळ शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळते. भिंतीची उंची दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या रुंदीहून वाढू लागली की शेजारच्या ओळीच्या सावलीने खालचा भाग काळोखात जातो. मग वर फळ आणि खाली नुसते लाकूड. या पद्धतीच्या पहिल्या काही बागा अशाच आठ-दहा वर्षांत बिघडल्या, रोपे दाट आणि पाणी-खत मुबलक दिल्यामुळे. लावणे सोपे होते. आवरणे जमले नाही.

फायदे नाकारण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षी पहिले फळ, सहा-सात वर्षांत पूर्ण उत्पादन, सिंचन असेल तर हेक्टरी आठ-दहा टन फळे. यंत्र तासाला अर्धा हेक्टर सहज उरकते आणि ते चालवायला एक-दोन माणसे पुरतात. फळ झाडावरून घाण्यावर काही तासांत पोहोचते, त्यामुळे तेलाचा दर्जाही चांगला राहतो. पोर्तुगालच्या आलेन्तेझो भागात २००२ साली आल्केव्हा धरणाचे दरवाजे बंद झाले, पाणी आले, आणि त्यामागून मोठ्या भांडवलाच्या अशा बागा आल्या. २०२१ च्या हंगामात पोर्तुगालने दोन लाख टनांवर तेल काढले, जे त्या देशाने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

किंमत कोण मोजतो?

आता दुसरी बाजू. या बागेला ठिबक लागतेच. हेक्टरी साधारण दोन-तीन हजार घनमीटर पाणी, म्हणजे पावसाखेरीज आणखी २०० ते ३०० मिलिमीटर. २०२२ आणि २०२३ च्या दुष्काळात ग्वादलकिव्हिर नदीच्या खोऱ्यात शेतीच्या पाण्यात मोठी कपात झाली, तेव्हा दाट बागांच्या मालकांनाही घाम फुटला. पाणी वाचवण्याचा एक चांगला मार्ग तेथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केला आहे. उन्हाळ्यात फळाची कोय कठीण होत असताना जैतुनाचे झाड पाण्याचा ताण सोसते. त्या काळात पाणी निम्म्यावर आणले तरी तेलात फारशी घट होत नाही आणि फांद्यांची फाजील वाढही आटोक्यात राहते. फुलोऱ्यात आणि पावसाळ्याआधी तेल भरण्याच्या काळात मात्र कंजुषी चालत नाही. तेथे पाऊस शरद ऋतूत येतो, हे ध्यानात घ्यावे. कोरडवाहूसाठीही आता ओळींत पाच-सहा मीटर अंतर ठेवून विरळ कुंपण करून पाहत आहेत, म्हणजे गाडी पुन्हा सफाक्सच्या हिशेबाकडे वळली म्हणायची.

दाट भिंतीत हवा खेळत नाही, त्यामुळे पानावर ठिपके पाडणारी बुरशी फोफावते. एकाच जातीची हजारो हेक्टर लागवड म्हणजे एक रोग सगळ्यांना पुरे. इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये झायलेला हा जिवाणू सापडला आणि लाखो झाडे वाळली. त्या बागा जुन्या आणि विरळ होत्या, म्हणजे दोष घनतेचा नव्हता. पण तेथे जवळजवळ सगळीकडे दोनच जाती होत्या आणि दोन्ही त्या रोगाला बळी पडणाऱ्या निघाल्या. लेच्चिनो आणि फावोलोसा या जातींनी तग धरला, म्हणून आज तेथे त्यांची लागवड होते. आणखी एक गोष्ट. यंत्राची तोडणी रात्रीही चालत असे, कारण थंडाव्यात फळ चांगले राहते. पण त्या हिरव्या भिंतीत रात्री पाखरे झोपलेली असतात आणि यंत्र फळांबरोबर त्यांनाही ओढून घेई. त्याचा गवगवा झाल्यावर २०१९ मध्ये अंदालुसियाच्या सरकारने अशा बागांतील रात्रीची तोडणी थांबवली.

आणि भांडवल? रोपे, तार, ठिबक, यंत्र असा सगळा खर्च पहिल्या दिवशी. नव्या जातींच्या प्रत्येक रोपावर रॉयल्टी. बागेचे आयुष्य पिढ्यांमध्ये नव्हे तर दोन दशकांत मोजावे लागते. आपल्या आजोबांनी लावलेल्या झाडाचे तेल खाणारा हाएनचा छोटा शेतकरी या हिशेबात कोठे बसतो? मागवाल्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. साधा यंत्रमाग चालवणारा आणि शेजारी एअरजेट लागलेला, दोघांचा माल एकाच बाजारात जातो आणि भाव एअरजेटवाला ठरवतो. स्वस्त काळात त्याचा निभाव लागतो, आपला लागत नाही.

तरीही हाएनचा शेतकरी बसून राहिलेला नाही. बहुतेक तेल गावच्या सहकारी घाण्यांवर निघते. काहींनी यंत्रे सामायिक घेतली. काहींनी फळ पिकून काळे होण्याआधी, ऑक्टोबरातच हिरवे तोडून कमी पण उंची तेल काढायला आणि ते आपल्या नावाने बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. तीन बुंध्यांच्या झाडांच्या मधल्या जमिनीवर गवत राखून व छाटलेल्या फांद्यांचा चुरा पसरून पावसाने वाहून जाणारी माती ते अडवतात. जाडेभरडे का होईना, आपले वेगळे कापड विकण्याचा हा मार्ग आहे. प्रत्येकाला तो जमेल असे मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक मर्यादित असते.

आपल्याकडे लावावे काय?

गेल्या वर्षी मालेगावच्या एका परिचिताने मला विचारले की खानदेशात दहा एकर जमीन घेतली आहे, जैतून लावू का? रोपे विकणारा त्याला एकरी सातशे झाडे आणि तिसऱ्या वर्षी फळ असे सांगत होता. मी त्याला विचारले, तुमच्याकडे थंडी किती पडते?

जैतुनाच्या झाडाला हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर ते हिरवेगार वाढते, पण मोहोर धरत नाही. जगातील बहुतेक जैतून ३० ते ४५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. आपला महाराष्ट्र २२ अंशांच्या आसपासच संपतो. शिवाय पाऊस आपल्याकडे उन्हाळ्यानंतर धो धो येतो, तर जैतुनाला हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा लागतो. राजस्थान सरकारने २००७ पासून इस्रायली तंत्राने हा प्रयोग केला. त्यात ठिबक संच बनवणारी पुण्याची एक कंपनीही भागीदार होती. एक लाखावर रोपे इस्रायलहून आणली, २०१४ मध्ये बिकानेरजवळ लुणकरणसर येथे तेलाचा कारखानाही सुरू झाला. बिकानेर २८ अंशांवर आहे, रात्री कडाक्याची थंडी असते, तरीही फळ अपेक्षेइतके आले नाही आणि पुढे जैतुनाच्या पानांचा चहा विकण्याकडे मोर्चा वळला. जेथे बिकानेरात अडचण आली तेथे धुळे-जळगावात काय होईल, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या परिचिताने रोपांचा इसारा दिलेला नव्हता, हे बरे झाले.

पण जैतुनाच्या बागेतील विद्या मात्र येथे कामाची आहे, आणि ती आलीही आहे. हापूसची जुनी लागवड १० बाय १० मीटर, हेक्टरी १०० झाडे, म्हणजे थेट हाएनचे माप. जळगावच्या जैन इरिगेशनने प्रचारात आणलेली आंब्याची अतिघन लागवड ३ बाय २ मीटर, म्हणजे एकरी ६७४ झाडे. हेक्टरी हिशेब केला तर तेच १६६६. दोन देश, दोन झाडे आणि आकडा एकच, हा निव्वळ योगायोग, कारण आंब्याला यंत्राची ओळ नाही, हातानेच तोडायचे आहे. तेथे दाट लागवडीचा हेतू फळ लवकर यावे आणि माणसाने जमिनीवर उभे राहून तोडावे, फवारावे, छाटावे हा आहे. पेरूची दाट लागवड तर लखनौच्या संशोधन संस्थेने २ बाय १ मीटरपर्यंत नेली. दापोलीला आंब्यासाठी आणि नागपूरला संत्र्यासाठी भारत-इस्रायल सहकार्याची केंद्रे आहेत. जमीन घेऊन बसलेल्या आपल्या बांधवांनी रोपवाटिकेच्या माणसाआधी तेथे एक फेरी मारावी. विचारायचे ते एवढेच : उन्हाळ्यात माझ्या विहिरीला किती पाणी असते, त्यात किती झाडे पोसली जातील आणि दरवर्षी छाटणी करायला माणसे मिळतील का? दाट बागेत एक वर्ष छाटणी चुकली तर पुढची तीन वर्षे निस्तरावी लागतात.

दुकानदारांसाठी

ज्यांचा संबंध केवळ विक्रीशी आहे त्यांनाही बागेची ही माहिती उपयोगी आहे. कुंपणाच्या बागांतून येणारे आरबेकिनाचे तेल चवीला गोड-सौम्य, नव्या गिऱ्हाइकाला आवडणारे. पण ते लवकर खवट होते. पिकुआलचे तेल कडवट आणि घशाला झोंबणारे, परंतु टिकाऊ आणि तळणाला सोसणारे. आपल्या गोदामातील एप्रिल-मेच्या उष्म्यात हा फरक फार पडतो. म्हणून माल भरताना नुसती भरल्याची तारीख न पाहता तोडणीचा हंगाम कोणता हे विचारावे. तोडणी उत्तर गोलार्धात ऑक्टोबर ते जानेवारीत होते. पांढऱ्या काचेची बाटली उजेडात मांडू नये, डबा किंवा गडद काच बरी. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत आणि चवीत दोष नाही असे तेल. 'पोमेस' म्हणजे घाण्यातून तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढलेले व शुद्ध केलेले तेल. ते तळणासाठी विकायला हरकत नाही, पण दोन्हींच्या डब्यांवर जैतुनाचे चित्र सारखेच असते आणि भावात मोठा फरक असतो, तेव्हा गिऱ्हाइकाला कोणते देतो आहोत हे तोंडाने सांगून द्यावे.